कलाकेंद्राचे हक्काचे प्रेक्षक

परदेशातलं आपलं कलाकेंद्र त्या संध्याकाळच्या मैफलीनंतर कायमचं बंद होणार होतं. रांगेत माझ्यापुढे पहिल्या संचालकांच्या पत्नी आणि तिथले निवृत्त ध्वनिव्यवस्थापक उभे होते.

“वहिनी, एवढी गर्दी कधी पाहिली होती का आपण?”

“छे हो! सुरुवातीला गाणारे तिघं आणि ऐकायला मी नि तुमची बायको.”

“म्हणून तर साहेब तुम्हाला मध्यंतरात जागा बदलायला लावायचे.”

“आणि शालही! गायकाला वाटायचं, नवीन मंडळी आली.”

“दाद मात्र मनापासून द्यायचात हं.”

“कसली मनापासून! सगळं लक्ष रिकाम्या खुर्च्यांकडे. पुढे गाणं आवडायला लागलं, पण निवांत बसून कधी ऐकलंच नाही. आज ऐकणार.”

दारावरच्या माणसानं हात आडवा केला. आत एकच खुर्ची उरली होती.

“जा वहिनी, पटकन. माझं राहू द्या.”

त्यांनी आत डोकावून भरलेलं सभागृह पाहिलं. मग वळून मला म्हणाल्या,

“तुम्ही जा हो आत. पाहुणा दाराबाहेर आणि घरचं माणूस खुर्चीत, हे बरं दिसत नाही.”