हजार वॅटची मिशी

आकाराम : वस्तरा आणलाय, फौजी. नवं पातं घालून.

जोतीराम : आन् मी पाटी रंगवून ठेवलीय. क्रांती, वाच मोठ्यानं.

क्रांती : 'माझ्या दुकानातला हीटर नकली हाय. सही, आकाराम.' मामा, हे काय?

जोतीराम : पैज हाय. हीटर नकली निघाला, तर बाजारादिवशी ही पाटी गळ्यात घालून आक्या दुकानापुढं बसणार.

आकाराम : आन् खरा निघाला, तर ह्या जोतीरामाची मिशी मी माझ्या हातानं काढणार. सगळ्या गावात मला चोर म्हणत फिरतोय गं!

जोतीराम : मग? हजार वॅट छापलंय त्याच्यावर. बादलीभर पाणी तापस्तोवर माझी भाकरी खाऊन, पेपर वाचून हुतोय. म्हणून तर तुला कुपवाडवरनं बोलावलं. सख्खी भाची हायस माझी.

आकाराम : आयला, पंच घरातलाच!

क्रांती : काका, मी कारखान्यात दिवसभर मोटारी तपासते. माझ्या मीटरला मामा न्हाई आन् काका न्हाई. चला न्हाणीत. हीटर बादलीत सोडा, मग बटण दाबा. पाण्यात कुणी बोट घालायचं न्हाई.

जोतीराम : दाबलं. रिपोर्ट दे.

क्रांती : करंट तीन पॉइंट चार अँपिअर. व्होल्टेज एकशे ऐंशी. दोन्हीचा गुणाकार म्हणजे वॅट. सहाशे बारा.

जोतीराम : सहाशे बारा! आक्या, मान पुढं कर.

आकाराम : थांब की रं… क्रांती, परत बघ बाई. तीन गावची माणसं डोळं झाकून माझ्याकडनं माल नेत्यात. ही पाटी घातली तर उद्या शटर कुठल्या तोंडानं उघडू?

क्रांती : पाटी खाली ठेवा, मामा. गुणाकार झाला, भागाकार राहिलाय.

जोतीराम : जिंकल्यावर भागाकार कशाला?

क्रांती : व्होल्टेजला करंटनं भागलं की रेझिस्टन्स निघतो. म्हणजे ही कॉईल करंटला किती अडवती ते. एकशे ऐंशी भागिले तीन पॉइंट चार. त्रेपन्न ओहम.

आकाराम : हे बरं का वाईट?

क्रांती : ऐका. व्होल्टेज कमी-जास्त हुतंय, कॉईल हाय तशीच ऱ्हाती. तिला पुरं दोनशे तीस व्होल्ट दिलं, तर त्रेपन्न ओहममधनं चार पॉइंट चौतीस अँपिअर जातील. आता गुणा.

आकाराम : मी गुणतो! फोन कुठं गेला… नऊशे अठ्ठ्याण्णव!

जोतीराम : दोन कमी हायत!

क्रांती : दोन वॅटवर मिशी वाचत नसती, मामा. हीटर अस्सल हाय.

जोतीराम : मग गावाला लाईटच कमी सोडत्यात. त्यांच्या पापानं माझी मिशी जाणार व्हय?

क्रांती : तेबी बघू. हीटर चालूच ऱ्हाऊ द्या, मेन बोर्डापाशी चला.

(तिघं लांबलचक परडं ओलांडून पुढच्या सोप्यात येतात.)

आकाराम : दोनशे तीस! बघ फौजी, पुरं दोनशे तीस!

क्रांती : हितं दोनशे तीस, न्हाणीत एकशे ऐंशी. मधले पन्नास व्होल्ट कुणी खाल्लं, मामा?

जोतीराम : मधी… वायर हाय.

क्रांती : ही बारकी, काळी? कुणी वढली?

जोतीराम : मीच. मिलिट्रीची हाय. फिल्ड टेलिफोनची.

क्रांती : टेलिफोनच्या वायरीवर हीटर! पन्नास गुणिले तीन पॉइंट चार, एकशे सत्तर वॅट नुसती वायरच तापतीय. घर पेटलं असतं, मामा. बंद केला बघा मी मेन.

जोतीराम : सांगलीत भंगारवाल्याकडं वेटोळं पडलं हुतं. बघितलं आन् पाय पुढं टाकवंना. असल्या वायरीचा ड्रम पाठीवर घिऊन बर्फात पळलोय मी, बावीस वर्सं. तशीच कशी सोडून येऊ? म्हटलं, घरात कायतरी काम देऊ हिला.

आकाराम : आन् दोन म्हैनं मला चोर म्हणालास!

जोतीराम : ती कमी पडंल असं मनातच आलं न्हाई, गड्या.

क्रांती : कमी पडली न्हाई, मामा. ती बोलणं न्यायला केलेली. तुमी तिच्याकडनं पाणी तापवून घेताय.

जोतीराम : आक्या, वस्तरा उघड. फौजी शब्द फिरवत न्हाई.

आकाराम : डोळं मीट. मान वर. आता हालायचं न्हाई… क्रांती, फोटू काढ ह्याचा.

जोतीराम : काढ की एकदाची! जीव नको काढू.

आकाराम : ऊठ, ऊठ. मिशीबिगर तू ओळखू यायचा न्हाईस, मग मी भांडू कुणाशी? पण ज्या शिवेवरच्या देवळात बसून मला चोर म्हणालास, तिथंच चारचौघांत सांगायचं, आकारामचा माल खरा हाय म्हणून.

जोतीराम : आजच सांगतो. आधी वायर उतरवतो. पण फेकणार न्हाई हां.

आकाराम : फेक म्हणलं कुणी? तू वेटोळं करत ये, मी शेवट धरतो.