ड्रोन आणि मामांचा बांध

ड्रोन कुठं उडवायचा ते विचारताय ना, मग एवढं ऐका, नातेवाइकाच्या रानात उडवू नका. मी शिरूरला गच्चीवरून उडवला, तर शेजारच्या काकू म्हणाल्या, हा आमच्या घरात डोकावतो. नदीकाठी गेलो, तर घारी मागं लागल्या. वैतागून न्हावऱ्याला मामांच्या रानात गेलो. कांदा काढून रान मोकळं झालेलं, वर एक तार न्हाई.

ड्रोन वर गेला आन् मामा आलेच.

"यात बांध दिसतो का रं? आप्पानं बांध कोरून माझ्या रानात सरकवलाय. किती वरसं सांगतोय, कोण ऐकत न्हाई."

आप्पा म्हंजी त्यांचे सख्खे धाकटे भाऊ. शेजारीच त्यांचं रान. मामांनी पुरावा बघायला त्यांनाही हाक मारून बोलावलं.

मोबाईलवर बांध दिसला. विहिरीपासून सरळ येतो आन् मधेच फुगून आप्पांच्या रानात शिरतो. म्हंजी बांध कोरला होता मामांनीच. आप्पांनी मोबाईल घेऊन मामांच्या हातात दिला.

मामांनी मोबाईल माझ्या हातात ठेवला.

"तुझा ड्रोन वाकडा उडतोय. घरी ने."