एएल टू ओ थ्री आणि धाकटी जाऊ

...नाही, मग रेवतीचा जळफळाट होणार नाही तर काय होईल, तुम्हीच सांगा. सख्खी आई घरात, केमिस्ट्रीची बीएस्सी, फर्स्ट क्लास, आणि नववीतली लेक सूत्रं शिकायला जाते कुणाकडे, तर धाकट्या काकूकडे, कुंदाकडे... जिला त्याच केमिस्ट्रीत सेकंड क्लास, तोसुद्धा काठावरचा. मी समोरच्या दारातली, आणि मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगच्या भिंती अशा, की सगळं ऐकावंच लागतं, काय करणार?

तर तुम्हाला सांगते, आधी रेवतीनंच शिकवायला घेतलं होतं. "श्रुतिका, अगदी सोपं आहे. अॅल्युमिनियमची संयुजा तीन, ऑक्सिजनची दोन, तिरकी अदलाबदल करायची, याचा आकडा त्याच्या पायाशी, त्याचा याच्या पायाशी, झालं सूत्र, लिही." पोरगी म्हणते, "पण का?" आता का म्हणजे काय? रेवतीनं कधी विचारलं होतं का? विचारत बसली असती तर फर्स्ट क्लास मिळाला असता?

तेवढ्यात ओट्यावरून कुंदा, वडे थापता थापता, साखरेसारख्या आवाजात, "वहिनी, मी सांगू का?" सांगू का म्हणे! "श्रुतू, अॅल्युमिनियम म्हणजे वाढणारी बाई, हातात तीन वडे, सगळे देऊन टाकायचेत. ऑक्सिजनच्या पानात जागा दोन वड्यांची. वडा उरायचा नाही, पान अर्धं राहायचं नाही. मग बाया किती, पानं किती?" कार्टी लगेच, "बाया दोन, पानं तीन... एएल टू ओ थ्री!" आणि गळ्यात पडली कुणाच्या, तर काकूच्या. फर्स्ट क्लासवाली तिथंच उभी, हातात पेन घेऊन.

तेव्हापासून रेवती जळायची, खोटं कशाला बोलू, सरळ जळायची. भाजी निवडताना विचारायची, "कॅल्शियम क्लोराइड?" आणि मनात देवाला साकडं, चुकू दे रे बाबा, एकदाच चुकू दे. पोटच्या पोरीसाठी, ऐकताय ना? पोरगी म्हणायची, "एक बाई, दोन पानं, सीए सीएल टू." कायम बरोबर. देवसुद्धा सेकंड क्लासच्या पार्टीत गेला की काय?

आणि काल चाचणीचा पेपर मिळाला. एकच चूक. मॅग्नेशियम ऑक्साइडचं लिहिलेलं एमजी टू ओ टू, वर शाळेतल्या बाईंचा लाल गोल. रेवतीचा चेहरा असा फुलला, मला वाटलं पोरगी बोर्डात आली. हाक तर अशी मारली, की खाली वॉचमन उठून उभा राहिला. "कुंदा, ये, बघ ये, तुझ्या वड्यांनी पोरीची वाट लावली. अगं, बाईच्या हातात दोन वडे, पानात जागा दोन वड्यांची, मग एक बाई, एक पान, संपलं ना? एमजी ओ. एवढं साधं कळू नये?"

श्रुतिका हळूच म्हणाली, "आई, ते एकच तुझ्या पद्धतीनं, तिरकी अदलाबदल करून केलं होतं गं. तुला वाईट वाटायला नको म्हणून."

रेवतीनं पेपरची घडी घातली, उलगडली, परत घातली... आणि म्हणाली, "मला वाईट वाटलं तर वाटू दे. पुढच्या वेळी तू आपले वडेच वाढ."