तीस सेकंदांचा उजेड

आदरणीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे मुख्य अभियंता साहेब, आजचे सत्कारमूर्ती, म्हणजे निवृत्त होणारे आपले फोटोवाले, आणि त्यांच्या पत्नी, दिवाबत्ती विभागातले माझे सहकारी, आणि चहा कधी येतो म्हणून दाराकडे बघणारे सगळे,

मला पाच मिनिटं दिली आहेत. सहावं घेणार नाही.

फोटोवाल्यांविषयी गोड बोलणारे तिघे माझ्याआधी बोलून गेले. मी एका मेमोविषयी बोलणार आहे. तो मीच दिला होता.

नव्या लोकांसाठी सांगते. गल्लीत अंधार आहे असा अर्ज आला की फोटोवाले रात्री जाऊन फोटो काढत. तो बघून मी दिवा मंजूर करायचा की नाही ते ठरवायची. फोटोचे नियमही मीच पुस्तकातून उतरवले होते. कॅमेरा स्टँडवर, शटर तीस सेकंद उघडं, फोटो हललेला नको, काळा तर नकोच. मला शिस्त आवडते. त्यात लाजण्यासारखं काय आहे?

नर्सच्या वसतिगृहामागच्या गल्लीचा अर्ज तीनदा आला. तीनदा फोटो आला, भिंतीच्या विटा मोजाव्यात इतका स्वच्छ. तीनदा मी शेरा मारला, 'उजेड पुरेसा'.

चौथ्या वेळी टेबलावर जे आलं त्याला फोटो म्हणवेना. काळंकुट्ट, हललेलं, मधोमध एक पांढरा ओरखडा.

"हे काय आहे?"

"गल्ली आहे, बाई."

"स्टँड मोडला का?"

"नेलाच नाही. हातात धरून काढला, डोळ्याला दिसतं तेवढाच."

"नियम वाचता येतात ना तुम्हाला?"

"येतात की. पण कॅमेरा अर्धं मिनिट थांबून उजेड गोळा करतो, बाई. एकेका पावलाला अर्धं मिनिट कोण थांबतं?"

"आणि हा ओरखडा?"

"एका मुलीच्या हातातली बॅटरी. ती घाईत होती."

मी मेमो दिला. 'सूचनांचे उल्लंघन, कामात हयगय.' प्रत सेवापुस्तकात.

आठवड्याने वसतिगृहाच्या मेट्रन स्वतः आल्या. म्हणाल्या, "एकदा या, जेवणं झाल्यावर." मीही हट्टाने गेले, जुना आणि नवा असे दोन्ही फोटो पर्समध्ये घालून. गल्लीत शिरल्यावर ते ताडून बघायला काढले, तर त्या अंधारात हातातला जुना कोणता आणि नवा कोणता तेच मला कळेना.

दुसऱ्या दिवशी चार दिवे मंजूर केले. नियम बदलला. नाकारलेले जुने अर्ज पुन्हा तपासले, त्यातले एकोणीस खरे निघाले. वरून माझं कौतुक झालं, ते मी घेतलं. मेमो मात्र राहिला. माघार घेणं मला जमत नाही, घरचे सांगतील. फोटोवाल्यांनी कधी विषय काढला नाही. वरच्या पदासाठी त्यांचं नाव दोनदा गेलं आणि दोनदा त्याच पानाशी अडलं. ते रोज सकाळी मला नमस्कार करत राहिले.

काल मी सेवापुस्तक मागवलं. पान काढता येत नाही, म्हणून मेमोखालीच लिहिलं, 'फोटो बरोबर होता. नियम चुकीचा होता. नियम माझा होता.' सही केली, तारीख घातली. मेमोची बातमी तेव्हा सगळ्या कचेरीत झाली होती, म्हणून हेही सगळ्यांसमोर वाचलं.

आयोजकांनी बोलू दिलं, आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. पाचाची सहा मिनिटं झाली, त्याबद्दल सभागृहाने क्षमा करावी. दुसरी क्षमा सभागृहाकडे मागण्यासारखी नाही. ती, फोटोवाले, मी तुमच्याकडे मागते.