अंगणात बांधून पाहिलेली गाडी

तळोदा पोलीस ठाणे
दि. ९/१/२०२५

मी, आशा जगदीश पावरा, वय ३१ वर्षे, व्यवसाय पिकअप चालक, राहणार काकरपाडा, तालुका धडगाव, जिल्हा नंदुरबार, आज पोलिसांसमोर उभी राहून माझ्या तोंडाने सांगते ते असे :

वरील ठिकाणी मी सासू रूपलीबाई व सासरे जालमसिंग यांच्यासह राहते. पती जगदीश हे दिवाळी झाल्यापासून बारडोलीकडे ऊसतोडीला आहेत. मी दुसऱ्याच्या मालकीची पिकअप चालवते. माझ्याकडे चारचाकीचे लायसन्स आहे, ते मी हवालदार अमृत सोनवणे यांना दाखवले आहे. त्यांनी ते उलटेसुलटे करून पाहिले. फोटो माझाच आहे. त्या वेळी मी बारीक होते.

तळोद्याहून आमच्या भागातल्या शाळांवर रोज ये-जा करणाऱ्या चार शिक्षिका आहेत. त्या सध्या जीपने लटकत येतात. त्यांनी मला सांगितले की तू चांगली बंदिस्त गाडी घे, आम्ही सोमवारपासून महिन्याच्या बोलीवर तुझ्याच गाडीत बसू. त्यासाठी मला टॅक्सीचा बॅज लागतो, आणि बॅजसाठी पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला लागतो. माझा अर्ज आमच्या धडगाव ठाण्यात पडलेला आहे. आज माझ्यावर चोरीचा गुन्हा नोंदला तर दाखला मिळणार नाही, बॅज मिळणार नाही, आणि जगदीश पुढच्या वर्षीही उसातच राहतील. हे आधी सांगते, म्हणजे मी एवढी बारीक बारीक गोष्ट का सांगते आहे ते साहेबांच्या ध्यानात येईल.

काल दुपारी मी व सासरे जालमसिंग असे तळोद्यात गिरधर भटू चौधरी यांच्या जुन्या गाड्यांच्या आवारात गेलो. तिथे डिक्कीवाली पांढरी गाडी होती. गिरधरशेठ म्हणाले, "डॉक्टरनी गाडी शे, ताई. घर ते दवाखाना, एवढंच चालेल शे." मी बोनेटवर हात ठेवला. बोनेट गरम होते. म्हणजे आम्ही यायच्या आधीच कोणीतरी इंजिन चालू करून ठेवले होते. गरम इंजिन कोणाचेही एका चावीत लागते. चूल पेटलेली असताना फुंकणी कशी आहे ते कळत नाही. मी तसे शेठना बोलून दाखवले. ते हसले व म्हणाले, "ताई, तू गाडी ली ऱ्हायनी का बैल?"

त्यावर मी म्हणाले की शेठ, आमच्यात दोन्ही एकाच रीतीने घेतात. ती रीत इथे सांगते, कारण सगळा घोटाळा तिथूनच झाला.

आमच्याकडे बैल घेताना विकणाऱ्याच्या दारात त्याचे दात मोजून कोणी घेत नाही. तिथे तो विकणाऱ्याच्या हातचा असतो, शहाण्यासारखा उभा राहतो. बैल आपल्या घरी न्यायचा, ओझे घालून चढावर चालवायचा, रात्री आपल्या अंगणात बांधायचा आणि सकाळी तो उठतो कसा ते बघायचे. तोवर आपल्या घरचे वडील माणूस विकणाऱ्याच्या दारात बसते. त्याला आम्ही बसता जामीन म्हणतो. विकणाऱ्याने त्या माणसाला जेवू घातले की त्याला पारख मंजूर आहे असे समजायचे. बैल घेऊन गेलेल्याने परत येऊन, हाताला धरून उठवल्याशिवाय ते माणूस जागचे हलत नाही. मग बैल पसंत असो की नसो.

मी शेठना म्हणाले, गाडी नेऊन बघते, सासरे इथे बसतील. ते म्हणाले, "लई जा, मन भरीसन पाही ले. बठू दे बाबाले, चहा मांगस." सासरे कडुनिंबाखालच्या बाकड्यावर बसले व त्यांनी चहा घेतला. मला वाटले, शेठना रीत ठाऊक आहे. शेठना वाटले, म्हाताऱ्याचे पाय दुखत असतील आणि बाई बसस्टँडपर्यंत चक्कर मारून येईल. दोघांनीही एकमेकांना विचारले नाही. एवढेच झाले आहे, साहेब.

हवालदार सोनवणे यांनी विचारले असता सांगते की, गाडी पळवायची असती तर सासऱ्यांना कशाला ठेवून गेले असते? गाडी दुसरी मिळते. त्यावर हवालदार म्हणाले की अशा पुष्कळ सुना आहेत ज्या खुशीने ठेवून जातील. हे जबाबात लिहू नये असे ते म्हणाले, पण मी सांगितलेले सगळे लिहायचे असेल तर त्यांनी विचारलेलेही लिहावे.

गाडी घेऊन मी चांदसैली घाटाच्या रस्त्याला लागले. रिकामी गाडी तर उतारावर कोणाचीही पळते, म्हणून नाक्यावर ओळखीच्या फुलीबाई व आणखी दोन बाया बाजार करून उभ्या होत्या त्यांना पोत्यांसकट बसवले. गाडी पाठीमागे दबली पण रस्त्यातल्या फरशी पुलावर खालून घासली नाही. घाटात दुसऱ्या गिअरवर कुरकुर न करता चढली. काचा बंद करून मी हवेचा पंखा मोठा केला, तेव्हा आम्ही चौघीही शिंकायला लागलो. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. फुलीबाई म्हणाल्या, "बाई गं, ही गाडी आहे का मिरचीचे कांडप?" मी गाडी बाजूला घेतली. पंख्याच्या जाळीत बोट फिरवले तर बोट लाल झाले. जिल्ह्यात पोरसोरही सांगेल ती कसली पूड आहे. डॉक्टरच्या गाडीत औषधाचा वास येईल, मिरचीचा कसा येईल? ती गाडी मिरचीच्या व्यापाऱ्याकडे राबलेली आहे. क्लचच्या पायपट्टीचे रबर झिजून गुळगुळीत झाले आहे, आणि मीटर मात्र नवरीसारखे लाजून थोडेच आकडे दाखवते. मीटर फिरवलेले आहे, असे माझे म्हणणे आहे. कोणी फिरवले ते मला माहीत नाही.

याचा मला राग आला. पण खरे सांगते, आनंदही झाला. दारात झाकून ठेवलेल्या गाडीपेक्षा रोज राबलेली गाडी बरी असते. तिची नस चालू असते. बसून राहिलेला बैल आणि बसून राहिलेली गाडी, दोन्ही उठताना रडतात.

घाटमाथ्याच्या अलीकडे जळका वास आला. मी म्हणाले, झाले, क्लच गेला. काकरपाड्याचे स्वप्न घाटातच संपले असे वाटून मी स्टिअरिंगवर डोके टेकवले. खाली उतरून पाहिले, काही दिसेना. मग फुलीबाईंनी विचारले की हा दांडा वर का आहे? हँडब्रेक अर्धा ओढलेला राहिला होता. ही चूक माझी, गाडीची नाही. फुलीबाईंनी ती गोष्ट सगळ्या पाड्यांवर सांगितली आहे, आणि आता ती सरकारी कागदावरही आली.

सायंकाळी घरी पोचले. सासूबाईंनी त्याच दिवशी अंगण सारवले होते व ते वाळले होते. मी गाडी बरोबर अंगणाच्या मधोमध उभी केली. त्यावरून सासूबाई मला बोलल्या. मी म्हणाले, सारवलेल्या अंगणात काही लपत नाही, थेंब पडला तर दिसेल. त्या म्हणाल्या, "थेंब पडला तर तूच सारवशील." सासरे कुठे आहेत असे त्यांनी विचारले, मी सांगितले की जामीन बसले आहेत. त्यावर त्यांनी पुढे काही विचारले नाही, कारण त्यांना रीत ठाऊक आहे. आमच्या पाड्यावर मोबाईलला रेंज नसते. शेठनी फोन केले असतील तर ते मला लागले नाहीत.

आज सकाळी चांगली थंडी होती. पाड्यावरची माणसे बघायला जमली होती. सासूबाईंनी बैलाच्या पाठीवर फिरवतात तसा बोनेटवर हात फिरवला व म्हणाल्या, गार आहे. पहिल्या चावीला गाडी लागली नाही. मला जगदीशची फार आठवण आली. दुसऱ्या चावीला गाडी लागली. धूर आधी निळसर आला आणि मग साफ झाला. थोडे तेल खाते, म्हातारपणी सगळेच खातात. गाडी पुढे घेऊन पाहिले तर सारवणावर गिअरबॉक्सखालच्या जागी रुपयाएवढा एकच काळा डाग होता. पाण्याचा डाग कुठेही नव्हता. एक सील बदलायला पाहिजे. बाकी गाडी धडधाकट आहे. सासूबाईंनी डाग पाहिला, माझ्याकडे पाहिले आणि शेणाचे घमेले स्वतःच उचलून आणले. त्यावरून मला त्यांचे मत कळले.

मी लगेच परत निघाले. घाट उतरल्यावर फोनला रेंज आली व शेठचे किती तरी मिस कॉल दिसले. मी फोन लावणार तोच नाक्यावर पोलिसांनी हात केला. मी गाडी थांबवली, चावी दिली व सोबत ठाण्यात आले. मी पळून जाण्याचा प्रयत्न केला नाही. मी ठाण्याकडेच, म्हणजे आवाराकडेच येत होते. रस्ता एकच आहे.

ठाण्यात गिरधरशेठ आधीच बसलेले होते. ते माझ्यासमोर म्हणाले, "ती बाई मन्ही गाडी लई गई नि तिना सासरा मन्हा डोकावर बठाडी गई." त्यांचे म्हणणे असे की रात्री आवार बंद करताना म्हातारबा उठेना, मराठी बोलेना, नुसती मान हलवी, शेवटी त्यांना घरच्या ओसरीवर निजवावे लागले. मी विचारले, ते जेवले का? शेठ म्हणाले, तो प्रश्न इथे कुठून आला? मी म्हणाले, साहेब, सगळा प्रश्न तोच आहे. सासरे उपाशी निजले असतील तर शेठना पारख मंजूर नव्हती, आणि मी रीतीबाहेर गाडी नेली असे धरा. मग माझ्यावर काय लिहायचे ते लिहा. मला त्या वेळी फार भीती वाटली. शेठ काय सांगतील याची नाही. सासरे परक्या घरी सहसा जेवत नाहीत, याची.

हवालदार सोनवणे यांनी शेठच्या घरी फोन लावून स्पीकर चालू केला. शेठच्या पत्नी गजराबाई यांनी उचलला. म्हातारे पाहुणे रात्री जेवले का, असे विचारता त्या म्हणाल्या, "जेवना ना. भाकर नि भरीत खादं, वर दूध लिधं. पाव्हनाले भुक्या निजाडतस का?" आणि हेही म्हणाल्या की आज सकाळपासून ते ओसरीवरच बसून आहेत, सुनेची वाट बघत आहेत, कोणीतरी या आणि त्यांना उठवा, मला ओसरी झाडायची आहे.

शेठनी डोक्याला हात लावला. मग ते हसू लागले, हवालदारही हसले, आणि मला रडू आले. असे आहे म्हणून असे लिहावे. शेठ म्हणाले की घरच्या लक्ष्मीनेच सौदा मंजूर केला आहे तर मी कोण? त्यांनी तक्रार पुढे चालवायची नाही असे साहेबांना सांगितले आहे, त्यांचा वेगळा जबाब होईल. मी त्यांना मिरची, मीटर आणि सील या तिन्ही गोष्टी तोंडावर सांगितल्या. मिरचीला त्यांनी मान डोलावली, मीटरला खाली पाहिले, आणि सील ते स्वतः बदलून देतील. किमतीचे आमचे आम्ही बघू. माझी शेठविरुद्ध तक्रार नाही. मात्र पुढच्या माणसाला तरी त्यांनी डॉक्टर सांगू नये.

सदर गाडी मला पसंत आहे. तिचे दोष मला माहीत आहेत, आणि ते मला कोणी सांगितलेले नाहीत, मी पाहिलेले आहेत. सासऱ्यांना उठवायला मला त्याच गाडीने जायचे आहे. चावी हवालदारांच्या टेबलावर, चहाच्या कपाशेजारी आहे. ती मला परत मिळावी.

माझा हा जबाब हवालदार सोनवणे यांनी संगणकावर घेतला, मला मराठीत मोठ्याने वाचून दाखवला, आणि शिपाई करणसिंग पावरा यांनी आमच्या बोलीत समजावून सांगितला. मी सांगितले तसाच तो उतरला आहे. वाचताना सुरुवातीला हवालदार थांबले व म्हणाले की व्यवसायात पिकअप चालक लिहिले आहे, ते बदलायचे का? मी म्हणाले, राहू द्या. ते आजच्या तारखेपुरते बरोबर आहे.

सही
आशा जगदीश पावरा