ब्रेकच्या मऊ पेडलबाबत

विषय: ब्रेक दुरुस्त करूनही गाडीचे पेडल मऊ लागत असल्याबाबत.

गाडी मी निवृत्तीनंतर घेतली आणि बायकोला तिच्यातून कर्नाळ्याला नेण्याचा शब्द दिला. कोन गावच्या गॅरेजवाल्या रफिकभाईंनी पॅड बदलले, नवे ऑइल भरले, तरी पेडल भिजवलेल्या कणकेसारखे आत जाई. "हे नीट झाल्याशिवाय मी बसणार नाही," बायको म्हणाली, आणि खात्री करायला रिक्षा करून गॅरेजवर आली.

मी सायबर कॅफेत तासभर वाचून संभाव्य दोषांचे चार मुद्द्यांचे टिपण तयार करून नेले होते. रफिकभाईंनी ते शेवटपर्यंत वाचले.

"काका, पाचवा मुद्दा राहिला. परवा नळीतली हवा काढताना पेडलवर पाय कोणाचा होता?"

"माझा. तुम्हीच बसवलंत."

"मी खाली नट आवळेपर्यंत पाय उचलू नका म्हटलेलं. उचललात?"

"अधूनमधून. तुमचं काम कुठवर आलं ते वाकून बघायला."

"म्हणजे मी हवा काढत होतो आणि तुम्ही परत आत घेत होतात."

त्यांनी या वेळी पेडलवर माझ्याऐवजी बायकोला बसवले आणि हवा पुन्हा काढायला घेतली. "काकू, सांगेपर्यंत सोडायचं नाही." तिने सोडले नाही. पंधरा मिनिटांत पेडल दगडासारखे घट्ट झाले.

"चला, आता बसायला हरकत नाही," मी म्हणालो.

"ब्रेकमध्ये दोष नव्हताच की," ती म्हणाली. "पाय तोच आहे ना अजून?"

ती आली तशी रिक्षाने परत गेली. कर्नाळ्याला सोबत येण्याविषयीचा माझा अर्ज तिच्याकडे अद्याप प्रलंबित आहे.