कॅरो येथून घोडीसह नेलेल्या ट्रेलरबाबत

नाव : व्हर्लीन मे स्टुट्समन. वय : ५८. धंदा : घोड्यांची नालबंदी. राहणार : मेडलिन गावाबाहेर, जुन्या रेल्वे रुळाजवळ, टॅलो क्रीक कौंटी, वायोमिंग. जबाब घेणार : डेप्युटी कोल रेनर. दिनांक १९ मार्च, दुपारी सव्वादोन.

मी आज शेरीफच्या कार्यालयात स्वतःच्या पायांनी आले असून, विचारल्यावरून सांगते की, ग्रेडी ऑस्ट्रँडर याने माझ्याविरुद्ध ट्रेलर पळवल्याची तक्रार दिल्याचे मला तोंडी सांगण्यात आले. ट्रेलर मी नेला. त्यात वाद नाही.

ग्रेडी हा माझी धाकटी बहीण मार्सेलीन हिचा नवरा. चार वर्षांपूर्वी तो डेन्व्हरहून इकडे राहायला आला. तिकडे तो लोकांच्या परसात पोहण्याचे तलाव बांधून देण्याच्या धंद्यात होता. येथे वर्षातले सात महिने बर्फ असते. आल्याच्या पहिल्याच आठवड्यात त्याने गुराख्यांसारखी हॅट घेतली. ट्रेलर दोन घोड्यांचा आहे व तो नवरा-बायको दोघांच्या नावावर आहे.

घोडीचे नाव टॅन्सी. रंग तांबूस, वय बारा. ती बहिणीची एकटीची आहे. आमच्या आईच्या घोडीच्या वंशातली ती शेवटची. ती गाभण राहून दहा महिने होऊन गेले होते व एप्रिलमध्ये ती विणार होती. गेले तीन आठवडे बहीण तबेल्यात खाट टाकून झोपत होती.

१७ मार्च रोजी सकाळी सव्वासहाला घोडी लोळू लागली. स्वतःच्याच पोटाला लाथा मारत होती, अंगाला घाम होता. बहिणीने गावच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सांगितले की हा पोटशूळ आहे, बहुधा आतड्याला पीळ पडला आहे, शस्त्रक्रिया आपल्या कौंटीत होत नाही. शहरातल्या जनावरांच्या इस्पितळात न्या, तासाभराचा उशीरही महागात पडेल. इस्पितळ तेथून १४८ मैल पश्चिमेला आहे.

मी सात वाजता ठरल्याप्रमाणे घोडीचे खूर तासायला पोचले. माझी डिझेलची गाडी वीस वर्षांची आहे. मी ग्रेडीला म्हणाले, "ट्रेलर माझ्या गाडीला जोड." त्याने ट्रेलर आधीच आपल्या नव्या विजेवरच्या पिकअपला जोडला होता.

तो म्हणाला, "तुझ्या त्या डबड्याला? वाटेत बंद पडलं तर? ही अकरा हजार पौंड ओढते, व्हर्लीन. अकरा हजार."

मी विचारले, "ओढते ठीक, पण किती लांब?"

"तीनशे दहा मैल. फुल चार्ज आहे. जाऊन येऊन वर उरेल."

"ट्रेलर नसताना ना?"

"तुम्हा लोकांना कळायचं नाही ते. कॉम्प्युटर सगळं धरून चालतो."

समोरून, म्हणजे पश्चिमेकडून, ताशी चाळीस मैलांचा वारा होता. डबक्यातले पाणी गोठलेले होते. मी त्याच्या खिडकीशी उभी असताना गाडीच्या पडद्यावर प्रश्न आला की मागे काय जोडले आहे. खाली त्याने पूर्वी भरलेली यादी होती. यादीत एकच नाव होते, त्याची मासेमारीची बोट. ती ॲल्युमिनियमची आहे. दोन माणसे उचलून ठेवतात. त्याने बोटीवर बोट ठेवले.

मी म्हणाले, "अरे, ती घोडी आहे."

तो म्हणाला, "माहितीये. घोड्यांचा ट्रेलर मी मागे भरला होता. तर आकडा एकदम एकशेतीसवर! उगाच घाबरवते ही. म्हणून काढून टाकला."

बहीण तेव्हा घोडीला ट्रेलरमध्ये चढवत होती. तिने हे ऐकले नाही. ऐकले असते तर ती माझ्या गाडीत बसली असती. मी तिला सांगितले नाही. भांडायला वेळ नव्हता, असे मला तेव्हा वाटले.

आम्ही ७.३५ ला निघालो. पुढे ग्रेडी व बहीण, मागे मी. पहिले चाळीस मैल तो पासष्टने गेला. मग पंचावन्नवर आला. मग पस्तीसवर. मागून येणारे ट्रक भोंगे वाजवून पुढे जात होते. चारा भरलेला एक ट्रकही पुढे गेला. मी बहिणीला फोन केला. ती म्हणाली, "हीटर बंद केलाय त्याने. चार्ज वाचवायला. मी दोन कोट घालून बसलेय." मागून ग्रेडीचा आवाज आला, "तिला सांग, वाऱ्याचं मी काय करू?" मी म्हणाले, "त्याला सांग, बोटीला शीड लाव." हे बहिणीने त्याला सांगितले की नाही, मला माहीत नाही.

कॅरो येथे आम्ही ९.४० ला पोचलो. ९६ मैलांना दोन तास पाच मिनिटे लागली. इस्पितळ आणखी ५२ मैल होते व त्याच्या गाडीत अकरा मैलांचा पल्ला उरला होता.

कॅरो येथे दुकानांच्या मागे चार चार्जिंगचे खांब आहेत. एक बंद होता, दोन भरलेले होते. गाडी तोंडाने आत घालावी लागते आणि केबल आखूड आहे, त्यामुळे मागे ट्रेलर असला की तो आधी सोडावा लागतो. ग्रेडीने ट्रेलर आवाराच्या मधोमध सोडला, घोडी आत असताना. चाकांना अडण त्याने लावली नव्हती. ती मी लावली. त्याने गाडी खांबाला लावली. पडद्यावर ऐंशी टक्के व्हायला ५२ मिनिटे असे आले.

तो म्हणाला, "बघा, मैल बावन्न आणि मिनिटंही बावन्न. जुळलं." आणि कॉफी आणायला आत गेला.

मी ट्रेलरचे बाजूचे दार उघडले. घोडी गुडघ्यांवर आली होती. हिरड्या जांभळ्या पडू लागल्या होत्या. मी तिच्या कुशीला हात लावला. शिंगरू हलत होते. बहिणीनेही हात लावला. तिने तो बराच वेळ काढला नाही.

मी माझी गाडी मागे घेऊन ट्रेलर जोडला, साखळ्या लावल्या, दिव्यांची वायर लावली. याला सहा मिनिटे लागली. तेवढ्यात ग्रेडी बाहेर आला. त्याच्या एका हातात कॉफी व दुसऱ्या हातात गुंडाळलेली अंड्याची पोळी होती.

तो ओरडला, "ए! हे काय चाललंय? हात लावायचा नाही!"

मी म्हणाले, "मी निघाले."

"माझा ट्रेलर आहे तो! पस्तीस टक्के झालेत, जरा दम धर ना! मार्सी, तू सांग हिला."

बहीण माझ्या गाडीत येऊन बसली होती. त्याने तिच्या काचेवर पोळीच्याच हाताने टकटक केली. "मार्सी, उतर. मी पोलिसात जाईन हं. खरंच जाईन." बहिणीने काच आधीच वर केलेली होती. मी त्याला ढकलले, हे त्याचे म्हणणे खरे नाही. मी त्याला बाजूला हो म्हणाले. तो झाला. कॉफी त्याच्या स्वतःच्या हातून सांडली.

आम्ही कॅरो १०.०५ ला सोडले. इस्पितळात १०.५५ ला पोचलो.

११.२० ला शस्त्रक्रिया सुरू झाली. आतड्याला पूर्ण पीळ होता. सव्वाबाराला डॉक्टरबाई बाहेर आल्या व म्हणाल्या की घोडी जगेल असे वाटते. शिंगरू गेलेले निघाले. मादी होती, रंग आईचा. बहिणीने विचारले की ते कधी गेले असावे. बाई म्हणाल्या, फार तर तास-दीड तास. मी तिला वेळा मोजून दाखवल्या नाहीत. त्या वर लिहिलेल्या आहेत.

ग्रेडी १.१० ला आला. त्याने हॅट काढली नाही. घोडी जिवंत आहे हे कळल्यावर तो म्हणाला, "वाचली ना? मग एवढा तमाशा कशाला केलात तुम्ही दोघींनी?" नंतर शिंगराचे कळले. तेव्हा तो म्हणाला, "हे वाऱ्यामुळे झालं. गाडीचा यात काही दोष नाही, हे मी आधीच सांगतो."

मी म्हणाले, "गाडीचा दोष नाहीच. तिने निघताना विचारलं होतं."

गाडीबद्दल माझी तक्रार नाही. माझ्या भाच्याकडे तशीच आहे. तो तिला खरे सांगतो आणि ती त्याला खरे सांगते, त्यामुळे तो जाईल तेथे वेळेवर पोचतो.

बहीण त्या दिवसापासून माझ्याकडे आहे. घोडी अजून इस्पितळात आहे. ट्रेलर माझ्या अंगणात, धुतलेला. ग्रेडीने तो केव्हाही घेऊन जावा. मी घरी असेन वा नसेन.

हा जबाब डेप्युटी रेनर यांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात दोन ठिकाणी 'रागाच्या भरात' असे आले होते. ते माझ्या सांगण्यावरून खोडले आहे. मी रागात नव्हते, घाईत होते. त्यानंतर मला मूळ तक्रार दाखवण्यात आली. तिच्यात नेलेल्या मालाच्या यादीत 'ट्रेलर एक, घोडी एक' असे लिहिले आहे. मी कॅरोहून निघाले तेव्हा आत दोन जीव होते, तशी दुरुस्ती करा, असे मी म्हणाले. डेप्युटी म्हणाले की यादी तक्रारदाराची आहे, ती त्यालाच बदलता येते. तो बदलणार नाही. म्हणून मी ते येथे लिहवून घेतले आहे. बाकी सर्व मी बोलले तसेच आहे व त्याखाली सही करते.

(सही) व्ही. एम. स्टुट्समन
माझ्यासमक्ष : सी. रेनर, डेप्युटी